उत्तरेकडचं जहाज

मालवणच्या ज्या हायस्कुलात मी भूगोल आणि सामान्य विज्ञान शिकवायचे, तिथे दिवाळीच्या सुट्टीनंतर दरवर्षी एक धडा यायचा: पृथ्वी गोल असल्याचे पुरावे. पुस्तकात दूरवरून येणाऱ्या जहाजाचं चित्र होतं. आधी डोलकाठीचं टोक दिसतं, मग शीड, मग सगळं जहाज. पोरं त्या चित्राकडे ढुंकूनही बघत नसत. खिडकीबाहेर समुद्र होता आणि पुरावा आपल्या पायांनी चालत येत होता. "बाई, बाई, ता बघा, शीड इला!" असा गलका व्हायचा. मी मात्र खिडकीकडे पाठ करूनच हा धडा उरकायचे. शीड दिसलं की माझं डोकं फिरायचं. ते का, हे सांगायचं तर बाबांपासून सुरुवात करायला हवी.

बाबा तांडेल होते. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान, मालक नव्हे. मालक आमच्याच गावचा, बंदराजवळ वखार असलेला. गलबत त्याचं, माल त्याचा. वारा, दर्या आणि खलाशी तेवढे बाबांच्या हवाली. पावसाळा सरला की नारळ, काथ्या, लाकूड भरून गलबत वर जायचं. कधी वेरावळ, कधी कच्छ आणि वर्षातून एकदा थेट आखातात, बसऱ्यापर्यंत. येताना खजूर. तांडेलाच्या घराला गावात मान असतो. लग्नाकार्यात बाबांना पुढे बसवत, होळीच्या मानात त्यांचं नाव असे, आणि नव्या खलाशाचा बाप पोराला घेऊन आधी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येई. बाबा फार बोलत नसत. पण एकदा बोलले की त्यावर कुणी दुसऱ्याला विचारायला जात नसे.

रशियाने आकाशात पहिला चंद्र सोडला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. तो चंद्र बघायला संध्याकाळी अर्धा गाव किनाऱ्यावर माना वर करून उभा राहायचा. काहींना तो दिसला. काहींना दिसल्यासारखा वाटला. ज्यांना काहीच दिसलं नाही त्यांनीही दिसला म्हणून सांगितलं, आणि त्यांना कुणी खोटं पाडलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

शिमग्याच्या थोडं आधी बाबा घरी आले ते एसटीतून. तांडेल एसटीतून उतरला म्हणजे काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभीच राहिली. बाबांनी पाय धुतले, खळ्यात बसले आणि म्हणाले, "माणसां सगळी सुखरूप असत. गलबत गेला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. बसऱ्याहून खजूर भरून गलबत परतीला लागलं होतं. वारा मागचा, उत्तरेचा, शीड भरलेलं, सगळं आबादीआबाद. सूर्य बुडाला, दिवेलागणीची वेळ टळली, आकाश काळं झालं, आणि मग मागच्या बाजूला, उत्तरेला, पाण्याच्या कडेवर तांबडं दिसू लागलं. आधी थोडं, मग रुंद. त्या बाजूच्या तेलविहिरींवर रात्रंदिवस ज्वाळा जळत असतात, त्या बाबांना प्रत्येक फेरीला दिसायच्या. त्यांच्या जागा ते डोळे मिटून सांगू शकत. हे तिथलं नव्हतं. हे उघड्या दर्यावर होतं. बाबांनी ठरवलं, तेलाचं जहाज पेटलं आहे आणि तेल पाण्यावर पसरून जळतं आहे. एवढी रुंद आग दुसऱ्या कशाची असणार?

आमच्याकडे दर्यावर्दी माणसाला दोन गोष्टी लहानपणीच शिकवतात. दर्यात पाय घालायच्या आधी त्याला हात लावून पाया पडायचं, आणि जळत्या किंवा बुडत्या जहाजाला पाठ दाखवायची नाही. आज तू, उद्या मी. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याच्या घरात पोरगी देत नाहीत.

बाबांनी गलबत फिरवलं. मागचा वारा आता तोंडावर आला. शीड डावी-उजवीकडे घेत घेत, नागमोडी, रात्रभर ते त्या तांबड्याकडे जात राहिले. आणि ते तांबडं काही जवळ येईना. जेवढे हे पुढे जात तेवढं ते लांबच. पहाटेला ते विरलं. उजाडल्यावर बघतात तर ना जहाज, ना धूर, ना पाण्यावर तेलाचा थेंब. आणि तेवढ्यात गलबताचा तळ वाळूला लागला. वाऱ्याशी झगडताना ते किनाऱ्याच्या उथळ बाजूला सरकले होते. लाटांनी गलबत वाळूवर आपटून आपटून फोडलं. सगळा खजूर दर्याने खाल्ला. कुठल्याशा अरबी गलबताने माणसांना उचललं म्हणून वाचली.

"एक सांगतंय," बाबा शेवटी म्हणाले, "त्या आगीतसून चांदण्यो दिसत होत्यो."

हे वाक्य ते बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

मालकाचं नुकसान झालं होतं, त्याने रागावणं मला समजत होतं. पण तो रागावून थांबला नाही. त्याने गावभर सांगितलं, तांडेल सुकाणूवर झोपला, गलबत वाळूत घातलं आणि आता आगीच्या गजाली सांगतो. कुठल्याही बंदरात जहाज पेटल्याची खबर नव्हती, हे त्याने चौकशी करून काढलं होतं. आणि ते खरंच होतं. बाकीचे खलाशी कच्छकडचे, ते आपापल्या गावी गेले. आमच्या वाडीतला एकजण तेवढा होता. त्याला विचारलं तर म्हणतो, "मी शीड धरून होतंय. माका वर बघूक फुरसत खंय?" रात्रभर ज्या उजेडाकडे शीड फिरवलं तो उजेड बघायला याला फुरसत नव्हती! त्याला पुढच्या मोसमात त्याच मालकाच्या दुसऱ्या गलबतावर चढायचं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्या चांदण्या. ज्याला त्याला त्या चांदण्यांनी हसायला निमित्त दिलं. "आगीतसून चांदण्यो? धूर खंय गेलो मगे?" कुणी म्हणे, तांडेलाने रशियाचा चंद्र बघितला असणार. कुणी म्हणे, बसऱ्याची खजुराची दारू. मी विहिरीवर पाणी भरायला गेले की बायका बोलायच्या थांबत आणि मी वळले की हसत. मी एकदोनदा कळशी तिथेच टाकून भांडले. त्याने काय होणार? पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी गावकऱ्यांनी ठरवलं की देवाला कौल लावायचा. आमच्याकडे ज्याचा निकाल माणसांना लावता येत नाही तो देवावर सोपवतात. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, पुजारी गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबांनी लगेच मान्य केलं. त्यांची श्रद्धा होती, आणि आपण खरं बोलतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. घाबरायचं कशाला?

देवळात बायका मागे, खांबांच्या पलीकडे. मला तिथून पुजाऱ्याची पाठ तेवढी दिसत होती. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "बा देवा म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "त्या राती उत्तरेक जहाज जळत होता असा तुझो ह्यो लेकरू सांगता..." "व्हय म्हाराजा!" "जहाज खराच जळत होता तर उजवी पाकळी दी, नसात जळत तर डावी दी, आणि ह्या गावातलो वाद मिटव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

देवळात कबुतरं तेवढी घुमत होती. किती वेळ गेला कोण जाणे. आणि पुढच्या माणसांच्यात एकदम हालचाल झाली. डावी पडली होती.

मला वाटलं बाबा काहीतरी बोलतील. निदान पुन्हा लावा म्हणतील. पुष्कळ लोक म्हणतात, देव रागावत नाही. बाबांनी देवाला नमस्कार केला, अंगारा घेतला आणि घरी आले. मी वाटेत त्यांच्याशी तावातावाने बोलत होते. ते एवढंच म्हणाले, "देवान सांगल्यान. आता पुरे गो."

मला त्यांचाही राग आला. मालकाचा आला, पुजाऱ्याचा आला, त्या फुरसत नसलेल्या खलाशाचा आला, पण सगळ्यात जास्त बाबांचा. आपली बाजू खरी असताना माणसाने इतकं मुकाट बसावं?

त्यानंतर बाबांना कुणी गलबत दिलं नाही. आमच्या गावात नाही, देवगडला नाही, वेंगुर्ल्याला नाही. दर्याकाठची बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. बाबा रापणीवर जाऊ लागले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं; दोन्ही बाजूंना माणसांची रांग दोर धरून मागे मागे सरते. ज्यांच्या शब्दावर शीड फिरायचं ते बाबा आता त्या रांगेत शेवटून कुठेतरी, गुडघाभर पाण्यात. संध्याकाळी टोपलीत वाट्याची मासळी घेऊन यायचे. आईने त्यावर आणि कोकमांवर घर चालवलं, मला शिकवलंही. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. मात्र नारळी पौर्णिमेला तिचा संयम सुटायचा.

त्या दिवशी दर्याला नारळ देतात. सगळे एक देतात. बाबा त्या वर्षापासून दोन देऊ लागले. एक सगळ्यांबरोबर, वाजत गाजत. गर्दी पांगली की दुसरा घेऊन ते किनाऱ्याने लांब चालत जायचे, एकटेच, आणि खडकावरून उत्तरेच्या बाजूला सोडायचे. लोकांच्या नजरेतून काय सुटतं? "एक दर्याक, एक रशियाच्या चंद्राक," अशी म्हण पडली. आई चिडायची, "होतो तो नारळ घरात खाऊक काय झाला?" मीही एकदा विचारलं की हे कशासाठी. बाबा म्हणाले, "आसांदे." त्यांच्या 'आसांदे'च्या पुढे जाणारी वाट मला कधी सापडली नाही.

मी शिकले, नोकरीला लागले, खिडकीकडे पाठ करून पृथ्वी गोल असल्याचे पुरावे शिकवू लागले. गाव बाबांना आता नुसतं हसत नव्हतं, विसरत चाललं होतं, आणि ते मला जास्त लागायचं. माझ्या वर्गातल्या पोरांनाही ती चांदण्यांची गजाल ठाऊक होती. एकाने तर माझ्यादेखत कुणाच्या तरी थापेला 'तांडेलाची आग' म्हटलं. मी त्याला बाकावर उभं केलं. का उभं केलं हे मात्र सांगता आलं नाही.

साठीचं दशक अर्धं सरलं होतं. एका मे महिन्यात सावंतवाडीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचं शिबिर होतं. तळ्याकाठच्या शाळेत उकाड्यात आम्ही बसलो होतो. मुंबईहून एक तरुण शास्त्रज्ञ आला होता, चेहरा पोरसवदा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. तो उपग्रहांवर बोलत होता. रशियाच्या त्या पहिल्या चंद्रानंतर पुष्कळ चंद्र वर गेले होते, आणि आता त्यांच्यावर प्रकाश मोजणारी यंत्रं बसवू लागले होते. वरून ते पृथ्वीच्या हवेतला उजेड बघतात, म्हणाला. मग त्याने फळ्यावर सूर्य काढला. सूर्यावर खळबळ झाली की तिथून कण सुटतात, पृथ्वीभोवतीच्या चुंबकत्वात वादळ उठतं, आणि खूप उंचावरची हवा पेटल्यासारखी उजळते. एरवी हे ध्रुवांजवळ. पण वादळ फार मोठं असलं तर तो उजेड खाली, उष्ण देशांच्या दिशेने सरकतो. त्याचा खालचा भाग हिरवा, वरचा तांबडा.

"दक्षिणेकडच्या माणसाला त्यातलं काय दिसेल?" त्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "पृथ्वी गोल आहे ना? दूरच्या गलबताचं आधी काय दिसतं?"

माझ्या हातातला पंखा खाली पडला.

"शिडाचं टोक," कुणीतरी म्हणालं. "बरोबर. तसं त्या उजेडाचं वरचं टोक तेवढं क्षितिजावर दिसतं, म्हणजे तांबडं. दूर कुठेतरी आग लागल्यासारखं. आपण त्याच्याकडे कितीही चाललो तरी ते जवळ येत नाही, कारण ते आहे शेकडो मैल वर."

नोकरीला लागल्यापासून मी हाच धडा शिकवत होते. खिडकीकडे पाठ करून!

भाषण संपलं तशी मी त्याला गाठलं. चहाचा कप त्याच्या हातात होता, त्याला पिऊ दिला नाही. सगळं सांगितलं: आखात, मागचा वारा, उत्तरेचं तांबडं, फुटलेलं गलबत. तो सौजन्याने ऐकत होता, जसं शिबिरातल्या बाईंचं ऐकतात तसं. म्हणाला, "तिकडे तेलविहिरींच्या ज्वाळा असतात ना?" मी म्हटलं, त्या माझ्या वडिलांना तोंडपाठ होत्या. मग म्हणाला, "ढगांवर उजेड पडला असेल." मला इतका राग आला की मी ते वाक्य बोलून गेले, जे आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. "ढग कसले? त्या आगीतून चांदण्या दिसत होत्या म्हणे!"

त्याने कप खाली ठेवला. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "बाई, आगीतून तारे दिसत नाहीत. ढगातूनही नाहीत. यातून दिसतात. हे ज्याने पाहिलं नाही त्याला सुचणार नाही." वर्ष विचारलं. सांगितल्यावर म्हणाला की त्या काळात सूर्य फार खवळलेला होता, त्या हिवाळ्यात एक जबरदस्त चुंबकीय वादळ झालं होतं, आणि एरवी जिथे दिसत नाही अशा बऱ्याच ठिकाणी लोकांनी तांबडं आकाश पाहिलं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "म्हणजे माझे वडील खरं बोलत होते हे सिद्ध झालं."

तो जरा चाचरला. "शक्यता खूप आहे. सिद्ध नाही म्हणता येणार. तुमच्या वडिलांनी पाहिलेली रात्र नेमकी तीच होती, हे आता कशावरून ठरवायचं? आणि तेव्हा वर जे उपग्रह होते त्यांना उजेड बघायचे डोळेच नव्हते."

शक्यता! शक्यतेने का कुणी गलबत देतं? गावातला साक्षीदार शीड धरून होता आणि आकाशातला आंधळा. मी त्या भल्या माणसाचे नीट आभारही मानले नाहीत.

परतीच्या एसटीत मी मनाशी सगळी मांडणी केली. कौल खोटा नव्हता, हे मला कुडाळच्या आसपास लख्ख कळलं. देवाला विचारलं काय होतं? जहाज जळत होतं का. जहाज नव्हतंच, मग देव हो कसं म्हणेल? बाबांनी काही पाहिलं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. जळणारं जहाज नाहीतर थाप, या दोहोंच्या पलीकडे तिसरं काही असेल हे बाबांनाही सुचलं नाही, मग पुजाऱ्याला काय सुचणार? प्रश्न चुकला होता. तर आता नीट प्रश्न विचारायचा, एवढंच काम.

गावातल्या सगळ्यात वयोवृद्ध मानकऱ्यांकडे मी गेले. त्यांच्याच शब्दावर कौल लागायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, सावकाश तोंडात घातलं आणि म्हणाले, "जहाज नव्हता म्हणतंस मा तू?"

"नव्हतं."

"मगे देवान खरा सांगल्यान. झाला तर!"

"अहो, पण बाबांनीही खरंच सांगितलं होतं. त्यांना खोटं ठरवलं."

"देवान खंय तेका खोटो म्हटल्यान? देवान जहाज नव्हता म्हटल्यान. लोकांनी काय म्हटला तेका देव काय करतलो?"

मी म्हटलं, मग लोकांना पुन्हा बोलवा, पुन्हा कौल लावा. तर म्हणाले, मिटलेला वाद उकरून काढला तर देव कोपतो. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आणि सूर्याच्या कणांचं मी जे सांगितलं त्यावर त्यांचा प्रश्न एकच, "ह्या तुका सांगल्यान कोणी? मुंबयकरान?"

मालकाकडे गेले. गलबतं त्याने केव्हाच विकली होती. आता त्याचे ट्रक देवगडचे आंबे घेऊन मुंबईला जात. तो उलट प्रेमाने वागला, हे आणखी वाईट. सरबत दिलं. म्हणाला, "असात गो बाय, तुझो बापूस खरो असात. मी खंय नाय म्हणतंय? पण आता गलबतांक कोण इचारता?" बाहेर त्याच्या वखारीच्या अंगणात एक जुनी डोलकाठी आडवी टाकली होती, तिच्यावर कपडे वाळत होते. वरातीमागून घोडं नेणारी मी. ज्या नावासाठी मी जिवाचं रान करत होते ते आता भरून मिळालं तरी बाबांनी ते घेऊन कुठे जायचं होतं?

चिडून, थकून घरी आले. खरं तर बाबांना सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. गावाने मानेपर्यंत सांगून उपयोग काय? पण ते खळ्यात कुणाचं तरी फाटलेलं जाळं विणत बसले होते, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि ते बघून मला राहवेना. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं ओकले. सूर्य, कण, उपग्रह, तांबडं टोक, चांदण्या. मानकरी काय म्हणाले, मालक काय म्हणाला, तेही. माझा आवाज चढत गेला.

"बाबानू, तुमी खरे होतास. तुमका खोटा पाडल्यानी. तुमका काय्येक वाटना नाय?"

बाबांचा हात थांबला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"म्हणजे थंय जहाज नव्हताच?"

मी वैतागले. इतकं सगळं सांगून हे पुन्हा तिथेच. "नव्हता ओ बाबानू! ताच तर सांगतंय. तो नुसतो उजवाड. वरचो, आभाळातलो."

"म्हणजे तेच्यात माणसां नव्हती."

"कोणती माणसां?"

"जहाजावरली."

बाबांनी सुई जाळ्यात खोचली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. हळूहळू, जसं दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाले, "माका आयकाक येय ती. वाऱ्यार. आमी पोचलंव नाय म्हणान." देवाने नाही म्हटलं होतं, ते त्यांनी मान खाली घालून घेतलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं कसं पुसणार? देवाचं ऐकायचं म्हणून गप्प बसले, आणि आपण पोचलो नाही म्हणून ती माणसं जळाली, हे मनात धरून इतकी वर्षं रापणीचा दोर ओढत राहिले, उत्तरेला दुसरा नारळ सोडत राहिले. गलबत गेलं, तांडेलकी गेली, लोक हसले, यातलं काहीच त्यांच्या हिशेबात नव्हतं. मी ज्याच्यासाठी भांडत होते ते त्यांनी कधी मागितलंच नव्हतं.

"खरा मा ह्या?" त्यांनी विचारलं. "तुझ्या त्या शास्त्रज्ञान सांगल्यान ता?"

तो म्हणाला होता, शक्यता खूप आहे. मी म्हटलं, "खरा, बाबानू. माणसां नव्हती."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसत राहिले. मग उठून विहिरीवर गेले. आई आतून विचारत होती, काय झालं, कोण काय बोललं.

गावात काही बदललं नाही. 'तांडेलाची आग' पुढेही वर्गात ऐकू यायची आणि मी पोरांना बाकावर उभं करायचे. गावातल्या त्या हसणाऱ्यांचा मला आजही राग येतो, आणि तो जाईल असं वाटत नाही.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला आईने सवयीने दोन नारळ सोलून ठेवले होते. बाबा दोन्ही घेऊन गेले. वाजत गाजत एक दर्यात गेला. गर्दी पांगली. मी लांब उभी होते. ते खडकाकडे वळतील म्हणून बघत होते. ते थोडा वेळ उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले आणि मग घराच्या वाटेला लागले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी दुसरा नारळ आईपुढे ठेवला.

"फोड," म्हणाले. "नारळीभात कर. ह्यो आपलो."

आईने तो फोडला, आणि पाणी आधी त्यांना दिलं.